श्यामलाल जेवून गेला

बायजाबाईचा श्यामलाल पहाटे मागच्या दारानं आला. पाय पोटऱ्यांपर्यंत ओले, केसांत सागाच्या पानाचा तुकडा अडकलेला. चुलीजवळ बसून त्यानं भात मागितला, वर मिरची मागितली. बायजाबाईनं विचारलं, "अन् बंदूक कुठी ठेवली बाबू?" तर घास न गिळताच हसला. "इकली माय. छत्री घेतली." मग छत्री उघडून दाखवली. बाहेरून काळी, आतून सगळ्या चांदण्या. तो जेवला, हात धुतले, छत्री मिटली, आणि छत्रीबरोबर तोही मिटून गेला.

हे तिनं सांगितलं तेव्हा ती मोहाच्या झाडाखाली उकिडवी बसून फुलं वेचत होती. फुलं टपटप पडत होती, कुणाच्या पदरात, कुणाच्या मानेवर. डोंगरापलीकडे एक मालगाडी बोगद्यात शिरून स्वतःचाच आवाज गिळत होती. शेजारी वेचणाऱ्या रुख्मानं मान वर न करता विचारलं, "मिरची होती काय वो घरी?"

"होती ना. दोन देल्ल्या."

"मंग ठीक."

तिसरी वेचणारी होती रीना गजभिये. दवनीवाड्याची मुलगी, तिशी ओलांडलेली, नागपूरला विद्यापीठात पीएच.डी. करणारी. तिच्या टोपलीत फुलांपेक्षा काटक्याच जास्त, पण या टोल्यावरच्या, म्हणजे या छोट्या वस्तीतल्या, बायांनी तिला हसणं कधीच सोडून दिलं होतं. रीना तिथं फुलं वेचायला येतच नव्हती. ती स्वप्नं वेचायला यायची.

दरेकशापल्याडच्या या टोल्यावर एक रीत होती. सकाळी मोहाखाली जमलं की रात्रीचं सांगायचं. पण 'सपन पडलं' म्हणायचं नाही. तो शब्द उच्चारला की आलेला माणूस पुन्हा येत नाही. आला, बसला, बोलला, गेला, असंच सांगायचं. ऐकणारीनंही 'खरंच का' म्हणायचं नाही, मिरची होती का तेवढं विचारायचं. एका सकाळी रुख्मा सांगत होती, रेल्वे बोगद्यातून निघाली ती सरळ तिच्या दाराशी येऊन थांबली आणि गार्डानं शेळीचं तिकीट मागितलं. बाकीच्या बायांनी शेळीच्या बाजूनं इतकं भांडण केलं, की रीनाला हसू आवरेना.

या रीतीवरच तिला संशोधन करायचं होतं. पण मोबाईल लावायला बायजाबाईनं पहिल्या दिवशीच मनाई केली होती. "मशीनीत घालशीन त तो तिकडेच जाईन. इकडे कायले येईन मंग?" म्हणून रीना कानांनी ऐकायची, आणि पॅसेंजरनं गोंदियाला परतताना खिडकीशी बसून लिहून काढायची. तिनंही बायजाबाईला शब्द दिला होता, की 'तो' शब्द त्यांच्या सांगण्याजवळ लिहिणार नाही.

आता स्वप्नांना पैसे कोण देणार? रीनानं तीनदा प्रस्ताव पाठवला आणि तीनदा तो परत आला. एका तज्ज्ञानं लिहिलं, 'विषय रंजक आहे, उपयोग स्पष्ट नाही.' ते वाक्य रीनाची आई पार्वताबाईनं ऐकलं आणि म्हणाली, "हेच तर मी म्हणून राहिली इतके वर्ष. त्याईले फुकट कसं सुचलं?"

तिचे गाईड डॉ. हेमेंद्र बिसेन हे आमगावकडचे पोवार. साधा माणूस, स्वभावानं मऊ, पण काळाची हवा ओळखणारा. त्यांच्या विभागात तेव्हा एक विलक्षण साथ आली होती. पाली शिलालेख वाचणारे सर अचानक सीमेवरच्या मठांबद्दल बोलू लागले होते. मोहाच्या लाडवांवर काम करणाऱ्या बाईंचे लाडू आता उंच डोंगरावरच्या जवानांसाठी होते. बेडकांच्या आवाजावर आयुष्य घालवलेल्या एका बिचाऱ्यानं तर लिहून दिलं होतं, की बेडूक कधी गप्प होतात हे कळलं तर ड्रोन कधी आला हे कळेल. त्याला अनुदान मिळालं. तेव्हापासून बेडूकही देशसेवेत होते.

"रीना, बेटा," बिसेन सर म्हणाले, "अंतर्गत सुरक्षेची एक योजना आलीय. जंगलपट्ट्यातल्या जनमानसावर. आपण टाकू."

"सर, स्वप्नं आहेत ती. त्यात सुरक्षा कुठून आणू?"

"स्वप्नात लोक भितात का नाही?"

"भितात कधी कधी."

"झाली ना मग सुरक्षा! तुझं काम तेच राहणार गं. फक्त कपडे बदलायचे."

कपडे बदलले. 'स्वप्नकथनाची रीत' हिचं झालं 'जनभावनेचे अप्रत्यक्ष निर्देशक'. रीनाला स्वतःचा प्रस्ताव वाचताना लग्नात भाड्याचा कोट घालून उभ्या राहिलेल्या मामासारखं वाटलं. पण प्रस्ताव मंजूर झाला. तीन वर्षांची फेलोशिप. ज्या दिवशी पत्र आलं, त्या दिवशी तिनं घरी पेढे आणले, आणि पार्वताबाईनं गल्लीत सांगितलं, "पोट्टी आता सरकारासाठी झोपेचं काम करते."

योजनेचं एकच मागणं होतं. दर तिमाहीला एक तक्ता. ठिकाण, सांगणारी व्यक्ती, घटना, आलेली व्यक्ती, कोणत्या दिशेनं आली, शस्त्र, भीतीची पातळी एक ते पाच. रीना तो तक्ता भरायला बसली की तिला कधी हसू यायचं, कधी झोप. शेळीचं तिकीट मागणाऱ्या गार्डासमोर तिनं भीतीची पातळी दोन लिहिली. दिशा? बोगदा पूर्वेला, म्हणून पूर्व. शस्त्राच्या रकान्यात थोडा वेळ विचार करून लिहिलं, 'तिकीट पंच करायचा चिमटा'.

असंच एका पावसाळी दुपारी तिनं श्यामलालचंही भरलं. पहाट, मागचं दार, ओले पाय, भात, मिरची, बंदूक विकली, छत्री घेतली. चांदण्यांना रकाना नव्हता. आणि दिलेला शब्द पाळत, 'घटना' या रकान्यात तिनं 'स्वप्न' हा शब्द लिहिला नाही. प्रस्तावनेत सगळी रीत समजावून सांगितली आहेच, असं तिला वाटलं. प्रस्तावना कुणी वाचत नाही, हे एवढं शिकूनही तिला ठाऊक नव्हतं.

श्यामलाल बऱ्याच वर्षांपूर्वी घरून गेला होता. कुणी म्हणे तेलंगणात मिरची तोडायला गेला, तिथूनच हरवला. कुणी आवाज खाली करून म्हणे, 'आत' गेला. आत म्हणजे जंगलाच्या आत, बंदूकवाल्यांत. पोलीस दोनदा येऊन विचारून गेले होते, मग त्यांचंही येणं थांबलं. आता जंगल निवांत झाल्याचं सगळेच सांगत, आणि बायजाबाईचं घर तर आधीपासूनच निवांत होतं.

*

पौषातल्या एका दुपारी बिसेन सरांचा फोन आला. आवाज बारीक झालेला.

"रीना, ती छत्रीवाली नोंद. ती काय आहे?"

"सर, तुम्हाला तर माहीत आहे. ते..."

"मला माहीत आहे गं. त्यांना नाही. त्यांच्या संगणकानं ती लाल केलीय. फरार मुलगा घरी येऊन गेला, शस्त्र विकल्याची कबुली, असं दिसतंय ते. प्रत्यक्ष पडताळणीला माणूस येतोय."

"स्वप्नाची पडताळणी?"

"मी काय बोलू आता," सर म्हणाले, आणि त्यांनी फोन ठेवला.

पडताळणीला आलेला माणूस म्हणजे शालीकराम कटरे. योजनेचा समन्वयक, पन्नाशीचा, स्वेटरवर जॅकेट घातलेला. रीना त्यांना दरेकसा स्टेशनाबाहेर भेटली आणि त्यांच्याच गाडीत बसून टोल्याकडे निघाली. धुकं इतकं दाट होतं, की साल-सागाची झाडं रस्त्याच्या कडेला माणसांसारखी येत आणि ओळख पटायच्या आत मागे जात. ड्रायव्हरही हळू आवाजात बोलत होता, जणू कुणी झोपलं आहे.

"सर, एक विनंती," रीना म्हणाली. "त्यांच्या अंगणात स्वप्न हा शब्द उच्चारू नका."

कटरेंनी तिच्याकडे पाहिलं. "का?"

तिनं सांगितलं. ते खिडकीबाहेर बघत ऐकत राहिले. मग म्हणाले, "आमच्याकडं आमगावच्या बाजूला असं नाही. तिकडं रात्रीचं पाण्याला सांगतात." जरा वेळानं आणखी म्हणाले, "सांगायचे. आता कोण सांगतं."

रीनाच्या जिवात जीव आला. हा माणूस समजणारा आहे, काम होईल, असं तिला वाटलं.

बायजाबाई अंगणात ऊन शोधत बसली होती, समोर सुपात कुटकी. रुख्मा तिच्या शेजारी होतीच. टोल्यावर गाडी आली की रुख्मा कुठेही असली तरी तिथं पोहोचते. कटरेंनी बूट अंगणाबाहेर काढले, दिलेलं पाणी पूर्ण प्यायले, आणि खाटेवर न बसता पोत्यावर बसले.

"बाई, तुमचा मुलगा आला होता म्हणता."

"आलता."

"कधी?"

"मोव पडून राहिलं होतं तवा."

"जेवला?"

"जेवला ना. तुमी बी जेवा. भात हाय."

"नाही, नको. आणि बंदूक?"

"इकली म्हने."

"कुणाला?"

बायजाबाईनं सूप पाखडत विचार केला. "हे नाई इचारलं. तुमीच इचारा आता कवा आला त."

रुख्मा पदरात हसली. कटरेही हसले असते, पण त्यांनी जॅकेटची चेन वर ओढली. मग रीनाकडे वळून खालच्या आवाजात बोलले, तरी अंगणात सगळ्यांना ऐकू गेलं.

"मॅडम, मला कळतंय हे काय आहे. लहान पोराला कळेल. पण माझ्या कळण्याला वर किंमत नाही. तिथं कागद लागतो. यांनी स्वतःच्या तोंडानं एकदा म्हणायचं, की हे... तसलं होतं. झोपेतलं. मी तो शब्द लिहितो, वाचून दाखवतो, त्या हो म्हणतील, अंगठा देतील. आजच्या आज नोंद बंद. तुमचं कामही चालू राहील."

"आणि नाही म्हणाल्या तर?"

"तर ती नोंद 'संपर्क' म्हणून पुढे जाते. मग मी येत नाही. दुसरे लोक येतात, दुसऱ्या गाड्यांतून. रोज बसतात इथं. टोल्यावरच्या प्रत्येकाला विचारतात, कोण आलं, कोण गेलं. ते बूट बाहेर काढत नाहीत." हे शेवटचं बोलून त्यांनाच लाज वाटल्यासारखं झालं.

बायजाबाईनं सूप खाली ठेवलं.

"मी नाई म्हनत," ती म्हणाली.

"मावशी," रीना तिच्याजवळ सरकली, "एकदाच म्हणायचं आहे."

"एकदाच म्हनते त एकदाच येनं बंद होते. दहादा कायले लागते?"

"हिच्या सासूनं म्हटलं होतं ना," रुख्मा पुढं सरली. "तिचा धनी येऊन बसे रोज, हिच्या सासूचा. एक डाव तापात तो शबद तोंडातून निघून गेला. मंग बुढी मरेपर्यंत दाराकडे पाहून राहिली. आलाच नाई."

बायजाबाई कुणाकडेच बघत नव्हती. कुंपणापलीकडे धुकं विरत होतं आणि विरता विरता एक बोडी दिसू लागली होती, काठावर उभे दोन बगळे, पाण्यात त्यांच्याखाली उलटे आणखी दोन.

"साहेब, माहा पोरगा आत गेला का तिकडं मिरचीत मेला, जित्ता हाय का नाई, मले आजपावतर कोनी नाई सांगतलं. पोलिसाईनं मलेच इचारलं. तुमी बी मलेच इचारून राहिले. मले हे एकच दार राहिलं हाय बाप्पा. तेवढं बी मीच लावू?"

कटरेंनी फाइल मांडीवर उघडी ठेवली होती. पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

रीनाला त्या क्षणी काय आठवलं, ते तिला पुढे नीट सांगता आलं नाही. सगळं पाण्याखालून दिसल्यासारखं दिसत होतं. मोहाखालच्या सगळ्या सकाळी. रुख्माची शेळी. परतीच्या पॅसेंजरची खिडकी आणि मांडीवर हलणारं तिचं अक्षर. कुणाच्या मेलेल्या बहिणीनं येऊन केस विंचरून दिले होते, कुणाच्या अंगणात रात्रभर मासे चालत होते. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की ती हे सगळं जपून ठेवते आहे. आणि प्रत्यक्षात ती दर तिमाहीला एकेक दार मोजून, दिशा लिहून, कुठेतरी पाठवत होती. बंदूक दिसली म्हणून हे दार सापडलं. उद्या दुसरं सापडेल.

"सर," ती म्हणाली. "ती नोंद मी बनवली आहे."

"म्हणजे?"

"मनानं लिहिली. तक्ता भरायचा होता, माझ्याकडे काही नव्हतं. त्या महिन्यात मी टोल्यावर आलेच नव्हते. घरी बसून लिहिलं."

"आत्ता या बाई स्वतः म्हणाल्या, की आला होता."

"मी शिकवून ठेवलं. तुम्ही येणार म्हणून."

कटरेंनी फाइलमधली नोंद पुन्हा वाचली. "छत्रीसुद्धा तुमचीच?"

"छत्री तर माझीच."

"मॅडम, हे मी लिहिलं तर काय होतं माहीत आहे ना? माहिती बनवली म्हणजे संशोधन संपलं. इथलंच नाही, कुठलंच. चोरी केलेल्याला माफ करतात आमच्याकडे, याला नाही. मी एकदा परत विचारतो."

"विचारा."

"ही नोंद तुम्ही बनवली?"

"हो."

"आणि मग बाकीच्या? एक बनवली तर वरचे विचारणारच."

हा प्रश्न रीनानं धरलाच नव्हता. तिला वाटलं होतं एक बोट कापून देऊ. माणूस पूर्ण हात मागत होता, आणि तोही वाईट हेतूनं नव्हे. तिनं रुख्माकडे पाहिलं. रुख्मा पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

"सगळ्याच," रीना म्हणाली. "सगळ्याच बनवलेल्या आहेत सर. पूर्ण तक्ता फेकून द्या."

कटरेंनी लिहिलं. सावकाश, मोठ्या अक्षरात, शाळेतल्या मुलासारखं. तिची सही घेतली. बूट घालताना ते वाकले आणि वाकलेलेच म्हणाले, "फेकूनच देतात असलं. निश्चिंत राहा." मग बायजाबाईला हात जोडून ते गाडीकडे गेले. रीनाला सोबत येता का असं त्यांनी विचारलं, ती नाही म्हणाली.

गाडी गेली. बायजाबाईनं सूप पुन्हा उचललं.

"पोरी, तू खोटी बोललीस."

"हो मावशी."

"शिकलेली अना इतकी खोटी!" रुख्मानं हनुवटीला बोट लावलं. "आमाले वाटे तुले येतच नाई."

"ते बोललीस ते बोललीस," बायजाबाई म्हणाली, आणि आता तिचा आवाज खरंच चढला, "पन छत्री तुही काऊन? छत्री माह्या पोराची हाय. त्यानं पैशे मोजून घेतली."

"चुकलं मावशी."

"मंग असं बोलू नोको. बस. भात खा."

रीना बसली. रुख्मानं ताटली तिच्या मांडीवर नीट टेकवून दिली, आणि कुणी पाहत नाही असं पाहून तिच्या पाठीवरून हात फिरवला.

*

पुढचं सगळं भराभरा झालं. फेलोशिप बंद झाली. विद्यापीठाची समिती बसली, तिनं विचारलं, रीनानं तेच उत्तर दिलं. नोंदणी रद्द. बिसेन सर तिला कॉरिडॉरमध्ये भेटले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. "खरं सांगायचं ना गं मला," ते म्हणाले. रीनाला क्षणभर वाटलं, सांगावं. मग लक्षात आलं, की सरांना सगळं माहीत आहे, आणि त्यांना ते तिच्या तोंडून ऐकायचं नाही, फक्त तिनं लपवल्याचं दुःख करायचं आहे. ती म्हणाली, "चूक झाली सर." त्यांनी मान हलवली. मागून बेडूकवाले सर टाचा न वाजवता निघून गेले.

ती दवनीवाड्याला परतली. गोंदियात एका शिकवणीवर्गात मराठी शिकवू लागली, सकाळी जायचं, दुपारी यायचं. गल्लीत पार्वताबाईला कुणी विचारलं तर ती सांगे, "झोपेचं काम संपलं. आता जागेपणीचं लागलं." आईनं घरात एकदाही टोमणा मारला नाही, याचीच रीनाला धास्ती वाटे.

मोह पडायचे दिवस आले तेव्हा ती गेली नाही. तिला तोंड दाखवायची लाज वाटत होती, पण लाज नेमकी कशाची, तेही उलगडत नव्हतं. तिनं जे दिलं ते पुरलं का, हेही तिला ठाऊक नव्हतं. गाड्या आल्या असत्या तर रुख्मानं कळवलं असतं, एवढाच काय तो धीर. पण गाड्या न येणं वेगळं, आणि श्यामलाल येणं वेगळं. त्या दिवशी त्या अंगणात इतकं बोललं गेलं होतं. खोटंच, पण त्याच्याबद्दल. 'तो नव्हताच, मी बनवला' असं ती त्याच्याच दारात बसून म्हणाली होती. टोल्यावरच्या रीतीत याला काय शिक्षा असते, हे तिनं कधी विचारलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती आईसोबत ओसरीवर तांदूळ निवडत बसली होती. फोन वाजला. रुख्माचा नंबर, पण आवाज बायजाबाईचा. फोनवर बोलायची सवय नसल्यानं ती ओरडत होती.

"रीना होय काय?"

"हो मावशी, मीच. बोला."

"श्यामलाल आलता सकारी."

रीनाच्या हातातले खडे तांदळातच पडले.

"बसला लय येळ. मी त्याले सांगतलं, बाबू, एका पोरीनं तुही छत्री आपली म्हून लिहून देल्ली. लय हासला. म्हने, तिले लागन त ने म्हना, मी दुसरी घेतो." पलीकडे रुख्मा काहीतरी म्हणाली, बायजाबाईनं तिला गप्प केलं. "मोव पडून राहिलं. अना तू काऊन नाई येऊन राहिली वो? आमी तिघी बसत होतो, आता दोघीच बसतो. येजो."

फोन बंद झाला. अंगणात एक कोंबडी काहीतरी टिपत होती.

"कोण होती?" पार्वताबाईनं विचारलं.

"बायजामावशी. दरेकशाची."

"काय म्हणे?"

"तिचा मुलगा येऊन गेला घरी. श्यामलाल."

"तो हरपला होता तो?" पार्वताबाईचे हात थांबले. तिचा चेहरा एकदम मोकळा झाला, शेजारच्या घरी बाळंतीण सुखरूप सुटल्याचं कळावं तसा. "मंग चांगलं झालं ना वो! बिचारीनं लय वाट पाह्यली."

रीना काहीतरी समजावून सांगायला निघाली. मग तिनं तोंड मिटलं आणि ताटातले पडलेले खडे पुन्हा शोधू लागली.

"हो," ती म्हणाली. "चांगलं झालं."